केटलबेल स्विंगनं दर पंधरा-वीस दिवसांनी कंबर धरते? कुठं कुठं पाहायचं ते सांगतो

ज्यांची कंबर एकदाच धरली, चार दिवसात मोकळी झाली आणि विषय संपला त्यांनी हे नाही वाचलं तरी चालेल. हे त्यांच्यासाठी लिहून राहिलो ज्यांची कंबर बरी होते, पुन्हा केटलबेल, म्हणजे वर कडी असलेला वजनाचा गोळा, सुरू होते, पुन्हा उसण भरते, पुन्हा आठ दिवस घरात तेलाचा वास, आणि शेवटी घरचे म्हणतात का ते लोखंड भंगारात देऊन टाक. माझं दोन पावसाळे हेच चालू होतं. आता वर्ष झालं, कंबर धरली नाही, आणि स्विंगही सोडले नाहीत.

आधी माझं सांगतो म्हणजे तुमच्याशी जुळतं का ते पाहता येईल. वय ३६, घाटंजीकडचं गाव, सव्वासहा एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर, थोडं सोयाबीन. घरी १६ किलोची एक केटलबेल, गल्लीतले पोट्टे तिला कुलूप म्हणतात कारण दिसतेच तशी. प्रोग्राम साधा, बहुतेक सगळे सुरुवातीला करतात तोच, दहा-दहाचे दहा सेट म्हणजे १०० स्विंग (कडी धरून केटलबेल पायांच्या मधून मागं न्यायची आणि बुडाच्या झटक्यानं समोर वर झुलवायची) आणि मग दोन्ही बाजूंनी पाच-पाच टर्किश गेटअप, म्हणजे निजल्या जागेवरून वजन हातात वर धरून उभं राहायचं आणि तसंच परत निजायचं. जूनमध्ये सुरू केलं तेव्हा लय बरं वाटलं, दम वाढला, पोत्याला हात लावला तर हलकं वाटायचं. जुलैच्या शेवटी एक दिवस सकाळी मोरीवर तोंड धुवायला वाकलो, ओंजळ तोंडापर्यंत नेली आणि उजव्या कंबरेत अशी चमक निघाली का ओंजळीतलं पाणी तिथंच सांडलं आणि भिंतीला हात लावून उभा राहिलो. त्या वेळी हातात केटलबेल नव्हती, पाणी होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं कामाला येते.

मग जे सगळे करतात ते केलं. विटेचा शेक, मलम, कंबरेचा पट्टा, आठ दिवस आराम. आईनं गावातल्या एका पायाळू माणसाला बोलावून कंबरेला पाय लावून घेतला, तिच्या समाधानासाठी मी निजलो पण खरं सांगतो त्या माऊलीचा जीव किती तुटत होता ते मला तेव्हा दिसलं. आठ दिवसांनी बरं वाटलं, त्याच १०० स्विंगवर परत गेलो, आणि ऑगस्टच्या मधात पुन्हा तेच. मग सप्टेंबर. वजन कमी करून पाह्यलं, व्हिडिओ काढून पाह्यले, दरवेळी वाटायचं का आता सापडलं, आणि दरवेळी पंधरा-वीस दिवसांनी कंबर हजर.

सापडलं ते बायकोला. आमच्या घरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती दुधाचा हिशोब लिहिते, मी फवारणीची तारीख आणि औषधाचं नाव लिहितो, आणि दुसऱ्या वर्षी कंबर धरली त्या दिवशी मी लाल पेनानं गोल करत होतो. एक दिवस हिशोब करता करता ती म्हणाली, "अहो, इकडं या जी, हे पाहा, तुमची कंबर फवारणीच्या मागंमागंच येऊन राहिली." पाह्यलं तर खरंच. चार लाल गोल, त्यातले तीन फवारणीच्या दुसऱ्या दिवशीचे, एक तिसऱ्या दिवशीचा. कपाशीची फवारणी पंधरा-वीस दिवसांनी येते आणि माझी कंबरही पंधरा-वीस दिवसांनीच धरायची, आणि मी स्विंगच्या व्हिडिओत चूक शोधत बसलो होतो.

म्हणून पहिलं काम हेच करा, काही बदलायच्या आधी तीन-चार आठवडे कॅलेंडरवर दोन गोष्टी लिहा, कंबर कधी धरली आणि त्याच्या आदल्या दोन दिवसात कंबरेनं काय काय केलं. फक्त व्यायाम नाही, सगळं. फवारणी, खताची पोती, डवरणी, कापूस वेचणी, लग्नाला चार तास गाडीवर बसून गेलो तेही. हे प्रोग्राम ज्यांच्यासाठी लिहिलेले असतात ते लोक दिवसभर खुर्चीत बसतात, त्यांच्या अंगाला दिवसातलं तेवढंच ओझं असतं. आपल्या कंबरेच्या खात्यात आधीच दुसरं ओझं लिहिलेलं असतं.

पंपाचा हिशोब मांडून पाहा. १६ लिटरचा पंप भरला का पाण्याचेच १६ किलो, वरून पंपाचं आणि बॅटरीचं वजन, म्हणजे वीस किलोच्या वर. एकरी दहा पंप धरले आणि दिवसात अडीच एकर उरकलं तर २५ पंप. पावसाळ्यात काळी माती पायाला चिकटते, प्रत्येक पाऊल उचलून टाकावं लागतं, अंग थोडं पुढं झुकलेलं, आणि पाठीचे स्नायू पाच-सहा तास ताठ. त्याच्याहून वाईट म्हणजे पंप पाठीवर घ्यायची आपली पद्धत. जमिनीवरून एका हातानं पट्टा धरायचा, एका खांद्यात अडकवायचा आणि कंबरेतून वळून दुसरा हात घालायचा. वाकून, वजन घेऊन, वळायचं, दिवसातून २५ वेळा. आणि असा माणूस दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठून १०० स्विंग मारत होता.

आता काय करतो ते. पंप जमिनीवर भरत नाही, बैलबंडीवर नाहीतर उपड्या ड्रमवर ठेवून भरतो, म्हणजे कंबरेच्या उंचीवरून दोन्ही पट्टे सरळ खांद्यात घेता येतात, वळावं लागत नाही. फवारणीच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी स्विंग बंद. त्या दिवशी व्यायाम न करण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते कंबरेपेक्षा मोठं आहे. २०१७ च्या पावसाळ्यात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडले. कपडे औषधानं भिजलेले, अंगावर औषध बसलेलं, तशात घाम काढणारा व्यायाम करू नका, आधी साबणानं आंघोळ, कपडे वेगळे. डोकं दुखत असेल, मळमळ होत असेल, डोळ्यापुढं अंधुक दिसत असेल तर तो थकवा समजू नका, औषधाचा डबा सोबत घेऊन सरळ दवाखान्यात जा.

दुसरी गोष्ट वेळेची. आमच्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो म्हणून पहाटेच करायची सवय लागली, आणि ती पावसाळ्यातही तशीच राहिली. उठलो, चूळ भरली, स्विंग. यवतमाळला ज्या फिजिओथेरपिस्ट ताईंकडं गेलो त्यांनी हे पहिलं विचारलं, का उठल्यावर किती वेळानं करता. रात्रभर आडवं पडल्यावर मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात, म्हणून सकाळी माणूस थोडा उंचही भरतो, आणि अशा फुगलेल्या गादीवर वाकण्याचा ताण जास्त बसतो. पहिल्या तासात हे सगळ्यात जास्त. मोरीवर वाकलो तेव्हा चमक निघाली ती म्हणूनच. आता उठल्यावर आधी गोठा, धार, गुरांना पाणी, वावराच्या धुऱ्यापर्यंत चक्कर, आणि तासाभरानं केटलबेल. तोंड धुतानाही एक हात भिंतीला लावतो.

तिसरी गोष्ट स्विंगची, इथं जरा वेळ द्या कारण आपल्याकडच्या माणसाची चूक वेगळी असते. मी लहानपणापासून मारुतीच्या देवळामागच्या तालमीत बैठका मारल्या. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं, त्याचं वारं अख्ख्या वऱ्हाडात आहे, आमच्या आजोबांच्या पिढीनं मुद्गल आणि करेला, म्हणजे त्याहून जड लाकडी मुद्गल, फिरवला. त्याचा मला अभिमान आहे. पण बैठकेची सवय स्विंगमध्ये घुसते. बैठकेत गुडघे वाकतात आणि बूड खाली जातं. स्विंगमध्ये बूड खाली जायला नको, मागं जायला पाह्यजे, जसं दोन्ही हातात बकेटा आहेत आणि बुडानं दार ढकलायचं आहे. नडगी जवळजवळ उभीच राहते. बैठक घालून स्विंग मारला का केटलबेल गुडघ्यांच्या खाली लोंबते, आणि तिथून ती वर आणायचं काम मांड्या आणि कुल्ले करत नाहीत, कंबर आणि खांदे करतात. वजन जाताना गुडघ्यांच्या वर, जांघेजवळून गेलं पाह्यजे, मनगटाच्या वरचा भाग मांडीला आतून टेकला पाह्यजे.

हे तपासायला आरसा लागत नाही. भिंतीकडं पाठ करून एक पाऊल पुढं उभे राहा आणि गुडघे फार न वाकवता बुडानं भिंत शिवा. शिवता येत नसेल तर तुम्ही बैठक घालून राहिले. दुसरी तपासणी काठीची, मी बैल हाकायची तुतारीच वापरली. ती पाठीवर उभी धरायची, डोक्याच्या मागं, पाठीच्या मधात आणि माकडहाडाला अशी तीन ठिकाणी टेकवायची आणि मग बूड मागं नेत वाकायचं. तीनपैकी एक जागा जरी सुटली तर तिथं पाठ गोल झाली. माझी माकडहाडाची जागा सुटायची, तीही शेवटच्या दोन बोटांएवढ्या वाकण्यात, व्हिडिओत ते दिसतच नव्हतं कारण सदरा ढगळ होता. आईला मागं उभं केलं आणि काठी सुटली का सांग म्हटलं. तिनं दोन दिवसात माझ्यापेक्षा चांगलं ओळखलं, "थांब बापा, सुटली," असं म्हणायची आणि मी तिथंच थांबायचो. तेवढंच माझं वाकणं, त्याच्या खाली नाही.

तिसरी तपासणी शेल्याची, म्हणजे आपल्या खांद्यावरच्या दुपट्ट्याची. तो पिळून केटलबेलच्या कडीतून ओवायचा, दोन्ही टोकं हातात धरायची, आणि स्विंग मारायचे, समोर कोणी उभं नसताना आणि जुना फाटका दुपट्टा न घेता. केटलबेल वर गेल्यावर हात, दुपट्टा आणि वजन एका रेषेत आले तर जोर बुडातून येऊन राहिला. वजन खाली लोंबकळलं तर तुम्ही हातानं उचलून राहिले, आणि हातानं उचललेल्या ओझ्याची किंमत कंबर भरते. वर पोचल्यावर मागं झुकायचं नाही. सरळ उभं, कुल्ले आवळलेले, पोट कडक, तोंडातून छोटा जोरात श्वास बाहेर. छाती दाखवायला मागं वाकणारे लय पाह्यले, त्यांची कंबर दुसऱ्या बाजूनं मरते.

आणि शेवटचा स्विंग. माझ्या एका व्हिडिओत दहा स्विंग ठीक होते, मग दहावा झाल्यावर मी पाठ गोल करून, थोडं वळून, केटलबेल ओट्याच्या कडेला ठेवली कारण पोरगं तिथं आलं होतं. नऊ-दहा सेटमध्ये हे नऊ-दहा वेळा. वजन उचलतानाची आणि ठेवतानाची पाठ मोजायला कोणी बसत नाही. केटलबेल पायापासून फूटभर पुढं ठेवून सुरू करा, मागं ओढून सुरू करा, आणि संपताना तशीच मागून समोर आणून त्याच जागी ठेवा. ती पूर्ण टेकेपर्यंत सेट संपलेला नाही.

एवढं करूनही माझं उजव्याच बाजूचं थोडं राहायचं, डावं कधीच नाही. याचं कारण सापडायला महिना गेला. आमच्या आंगणाला मोरीकडं उतार आहे, पावसाचं पाणी निघून जावं म्हणून वडलांनीच दिला होता, आणि मी रोज एकाच जागी, रस्त्याकडं तोंड करून उभा राहायचो. एक गडवा पाणी पायाजवळ ओतून पाह्यलं, सरळ उजव्या पायाकडून मोरीकडं गेलं. म्हणजे एक पाय दीड-दोन बोटं खाली आणि त्याच्यावर रोज १०० स्विंग. आता सपरीत करतो, तिथली फरशी सपाट आहे. तुमच्याकडं सपाट जागा नसेल तर निदान उताराकडं तोंड करून उभे राहा म्हणजे दोन्ही पाय सारखे राहतील, आणि ताज्या सारवलेल्या जागेवर करू नका, पाय सटकतो. चपला काढा. अनवाणी किंवा सपाट तळाचा बूट, फुगीर टाचेचा पळायचा बूट नाही.

केटलबेलही पाहून घ्या. माझी पहिली प्लास्टिकची होती, आत सिमेंट. लोखंडापेक्षा सिमेंट तिप्पट जागा खातं, बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, घनता पाण्याच्या सातपटीच्या वर आणि सिमेंट काँक्रिटची अडीचपटीच्या आत, त्यामुळं त्याच वजनाची केटलबेल एवढी मोठी होते का मांड्यांमधून जातच नाही. मग माणूस पाय फाकवतो, पाय फाकवले का बूड खाली जातं, आणि पुन्हा बैठक. पैसे साठवून बिडाची घेतली तेव्हा अर्धी चूक आपोआप गेली. वजन गावातल्या काट्यावर करून घ्या, माझ्या जुन्या सिमेंटच्या केटलबेलवर १६ लिहिलं होतं आणि भरली साडेचौदा. पुरुषानं १६ नं आणि बाईनं ८ नं सुरुवात करावी असं सहसा सांगतात, फार हलकी घेतली तरी बिघडतं कारण ती हातानंच उचलली जाते आणि बूड आळशी राहतं.

आता एक प्रश्न जो मला सगळ्यात जास्त छळत होता, का मी ४५ किलोची युरियाची बॅग उचलतो तेव्हा कंबर काही म्हणत नाही आणि १६ किलोच्या केटलबेलनं धरते, हे कसं. ताईंनी समजावलं. कॅनडाचे स्टुअर्ट मॅकगिल, पाठीच्या कण्यावर आयुष्यभर काम केलेला माणूस, त्यांनी २०१२ मध्ये स्विंगमध्ये मणक्यांवर येणारा जोर मोजून छापला. ओझं खालून उचलताना कंबरेतला वरचा मणका खालच्या मणक्यावरून पुढं सरकायला पाहतो, आणि स्विंगमध्ये तो जोर उलटा, मागच्या दिशेनं येतो. म्हणून एखाद्याला जड पोतं सोसतं आणि हलका स्विंग सोसत नाही, हे खोटं नाही आणि त्यात मनाचा कमजोरपणा नाही. ज्याची कंबर हा उलटा जोर सोसत नाही त्यानं काही आठवडे स्विंगच्या जागी तीच केटलबेल पायांच्या मधात ठेवून सावकाश डेडलिफ्ट करावं, म्हणजे पाठ सरळ ठेवून ती जमिनीवरून उचलत उभं राहायचं आणि परत ठेवायची, त्यानंही कुल्ले आणि मांड्या तयार होतात. मी सहा आठवडे तेच केलं.

आणि परत सुरू करायची घाई. माझी सगळ्यात महागडी चूक हीच होती, दुखणं थांबलं म्हणजे बरं झालं असं धरून एकदम १०० वर जायचो. आता कंबर नुसती जड वाटली तरी पहिल्या दिवशी चालणं, आडवं पडून राहत नाही कारण पडून राहिलं का जास्त आखडते. मग ताईंनी दिलेले तीन साधे व्यायाम, हातापायांवर टेकून एका बाजूचा हात आणि दुसऱ्या बाजूचा पाय लांब करणं, कुशीवर कोपर टेकून अंग उचलून धरणं, आणि पाठीवर निजून एक गुडघा वाकवून डोकं-खांदे चार बोटं उचलणं, प्रत्येक वेळी आठ-दहा सेकंद धरून. दोन दिवस हे सोपं गेलं तर डेडलिफ्टचे पाच सेट. त्यानंतरच्या सकाळी उठल्यावर कंबर दुखली नाही तर दहाचे तीन सेट स्विंग, आणि मग दर वेळी एकच सेट वाढवायचा. दोन सेटच्या मधात एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता आलं पाह्यजे, तेव्हाच पुढचा सेट. रोज नाही, आठवड्यात तीन दिवस.

ज्यांचं दुखणं कुल्ल्यातून गुडघ्याच्या खाली उतरतं, पाय बधिर होतो, मुंग्या येतात, त्यांनी हे सगळं करत बसू नका, आधी डॉक्टरला दाखवा. पंजा उचलत नसेल, लघवी-संडासवर ताबा राहत नसेल किंवा बसायच्या जागेवर स्पर्श कळत नसेल तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या दवाखान्यात न्यायचं. यात उद्या पाहू म्हणायचं नाही.

कापूस वेचणीच्या दिवसात पुन्हा वेगळं असतं. दिवसभर अर्धवट वाकून वेचायचं, बोंडांच्या टोकांनी बोटं सोललेली, कडी धरवत नाही. त्या महिन्या-दीड महिन्यात मी स्विंग निम्मे करतो आणि गेटअप ठेवतो, कारण त्यात स्विंगसारखं पुन्हा पुन्हा वाकावं लागत नाही, उलट दिवसभराचं वाकणं उलगडल्यासारखं वाटतं. तळहाताचे घट्टे आंघोळीनंतर दगडानं घासून सपाट ठेवा, उभे राहिले तर कडीत अडकून कातडं निघतं आणि मग वेचणीही जाते.

या हंगामात चार फवारण्या झाल्या. चौथी परवा झाली, काल नुसतं चाललो, आज डेडलिफ्टचे पाच सेट केले आणि आई काठी घेऊन मागं उभी होती. कॅलेंडरवर फवारणीच्या चार तारखा आहेत, लाल गोल अजून एकही नाही.